रंग उन्हाने दिला, जात कुणी दिली?

चळवळीच्या सभांत एक वाक्य अजूनही टाळ्या घेऊन जाते : ते गोरे, बाहेरून आलेले आर्य, आपण काळे, इथले मूळनिवासी. त्यामागचा संताप आम्हाला समजतो. पण ही मांडणी बाबासाहेबांची नाही, हे आम्ही स्पष्ट सांगणार.

माणसाच्या अंगावरून जात मोजण्याचा खटाटोप इंग्रज अंमलदार हर्बर्ट रिस्ले याचा. १९०१ च्या जनगणनेचा तो आयुक्त. नाक जेवढे रुंद, तेवढी जात खालची, असा त्याचा दावा. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातीवरचा निबंध वाचला, आणि या पंडितांना सुनावले की तुम्हीच रंगाच्या पूर्वग्रहाने भरलेले आहात, म्हणून तुम्हाला जातीतही रंगच दिसतो. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त त्यांनी पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार वंशाने एकच ठरवले. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात तर नाकांची मोजमापेच पुढे ठेवून त्यांनी वंशाचा सिद्धांत मोडीत काढला. हत्यार त्यांचेच, वार बाबासाहेबांचा!

मग रंग आला कुठून? निना जाब्लोन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन या संशोधकांनी २००० साली जगाचा नकाशा तपासून दाखवले की जिथे अतिनील किरण तीव्र, तिथल्या मूळ वस्तीची त्वचा गडद. मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी गोऱ्या-काळ्या सगळ्यांत साधारण सारख्याच. फरक मेलॅनिनच्या प्रमाणाचा आणि प्रकाराचा. हे रंगद्रव्य किरण शोषून घेते, पेशींचा डीएनए वाचवते. जालना कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मे आणि जुलैत सूर्य इथे थेट डोक्यावर येतो. अशा मुलखात काळेपण ही निसर्गाने दिलेली छत्री आहे, कुठल्या जन्माचे पाप नव्हे. (गोरेपणाचे मलम विकणाऱ्यांना हे कोण सांगणार?)

आता जातीचा खरा प्रश्न. मंठा, परतूरकडच्या वस्त्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते ऊसतोडीला निघतात. उन्हात कोण राबणार आणि सावलीत कोण बसणार, हे मेलॅनिनने ठरवलेले नाही. जमीन कुणाकडे आहे, यावर ते ठरले. त्या उन्हाने रापलेल्या कातडीलाच मग हलकी म्हणायचे!

आणि एक गैरसमज जीवघेणा आहे : काळ्या माणसाला त्वचेचा कर्करोग होत नाही. मेलॅनोमा गोऱ्यांत कितीतरी जास्त, हे खरे. पण गडद त्वचेच्या माणसांत तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली निघतो, जिथे उन्हाचा फारसा संबंधच नसतो. गायक बॉब मार्ली १९८१ साली ३६ व्या वर्षी गेला, तो पायाच्या बोटाच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलॅनोमाने. अनवाणी राबणाऱ्या आपल्या माणसांच्या तळव्यावरचा डाग काटा मोडल्याचा, ठेच लागल्याचा म्हणून सोडून दिला जातो. काळा डाग पसरत असेल, कडा वेड्यावाकड्या असतील, नखात काळी रेघ रुंद होत असेल किंवा जखम भरतच नसेल, तर हंगाम संपायची वाट न पाहता डॉक्टरला दाखवा. वस्तीवरच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब तपासता, तेव्हा तळपायही बघायला सांगा.