२२ ऑक्टोबर १८४४ : एका वाट पाहण्याचा इतिहास

दर ऑक्टोबरात आपल्या मंडळातली बरीच कुटुंबं व्हरमाँटला रंगलेली पानं बघायला जातात. थर्मॉसमध्ये चहा, डब्यात दशम्या आणि चटणी, मागच्या सीटवर कंटाळलेली मुलं असा सगळा सरंजाम असतो. असेच एकदा आम्ही निघालो असताना फेअर हेवन मागे टाकून न्यूयॉर्क राज्याच्या हद्दीत शिरलो, आणि रस्ता चुकून लो हॅम्प्टन नावाच्या वस्तीत पोचलो. तिथे एक लहानसं लाकडी चॅपेल आहे, एक जुनं शेतघर आहे आणि मागे झाडीत एक मोठा सपाट खडक आहे. त्या खडकाला म्हणतात 'असेन्शन रॉक', म्हणजे स्वर्गारोहणाचा खडक. २२ ऑक्टोबर १८४४ रोजी काही माणसं इथे जमून आकाशाकडे बघत येशू ख्रिस्ताची वाट पाहत होती, असं सांगतात. सौ. म्हणाल्या, "मग? आला का?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर शोधण्यात माझा पुढचा सगळा हिवाळा गेला.

मुळात ही वाट पाहण्याची कल्पनाच आपल्याला थोडी परकी आहे. आपला विठोबा अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे. उलट तोच भक्ताची वाट पाहतो, आपण फक्त पंढरपूरपर्यंत चालत जायचं. संत देह ठेवतात, पण आळंदी, शिर्डी, अक्कलकोट, गोंदवले, शेगाव इथल्या समाध्यांपाशी गेलेला माणूस 'महाराज इथे होते' असं म्हणत नाही, 'महाराज इथे आहेत' असंच म्हणतो. जिथे देह विसावला तिथे आपली श्रद्धा घट्ट होते. ख्रिस्ती श्रद्धेची सुरुवातच मुळी रिकाम्या थडग्यापासून होते. येशू पुन्हा उठला, चाळीस दिवस शिष्यांना भेटत राहिला आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत वर घेतला गेला, असं बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या आरंभीच सांगितलं आहे. शिष्य वर बघत उभे राहिले तेव्हा पांढऱ्या वस्त्रांतल्या दोघांनी त्यांना हटकलं, की असे काय बघत राहिलात, तो गेला तसाच परत येणार आहे. जेरुसलेमजवळच्या जैतुनाच्या डोंगरावर त्या जागी आज एक छोटी वास्तू आहे आणि आत दगडावर एक उमटलेलं पाऊल दाखवतात. पादुका पुजणाऱ्या माणसाला हे पाऊल लगेच समजतं. फरक एवढाच, की भरतानं पादुका सिंहासनावर ठेवल्या तेव्हा चौदा वर्षांची मुदत त्याला ठाऊक होती. इथे मुदत सांगितलेलीच नाही.

आणि इथेच सगळा पेच आहे. पहिल्या पिढीतल्या ख्रिस्ती लोकांची समजूत अशी होती, की तो आपल्या हयातीतच परत येईल. संत पौलाचं थेस्सलनीका इथल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र साधारण इ.स. ५० च्या सुमाराचं, म्हणजे ख्रिस्ती लेखनातल्या अगदी जुन्यात जुन्या लेखनापैकी आहे. त्यातली चिंता फार माणसासारखी आहे. तो येण्याआधीच आमची काही माणसं वारली, त्यांचं काय, असं ते लोक विचारतात. पौल त्यांना धीर देतो, की मेलेले मागे राहणार नाहीत. त्या काळच्या प्रार्थनेतला 'मारानाथा', म्हणजे 'प्रभू, ये', हा अरामी शब्द ग्रीक पत्रातही तसाच राहिला आहे. पुढे शतकं लोटली, चर्च उभी राहिली, धर्मपंडितांनी 'तो दिवस कुणाला ठाऊक नाही' या येशूच्याच इशाऱ्यावर भर दिला. वाट पाहणं प्रार्थनेत राहिलं, पण पंचांगातून उतरलं.

ते पुन्हा पंचांगात आणलं विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्यानं. १७८२ साली जन्मलेला हा माणूस काही भोळाभाबडा नव्हता. तरुणपणी वाचनाच्या नादानं तो 'देव आहे, पण तो जगाच्या कारभारात लक्ष घालत नाही' अशा मताचा झाला होता. १८१४ च्या सप्टेंबरात प्लॅट्सबर्गच्या लढाईत तो कॅप्टन होता. समोर इंग्रजांचं कितीतरी मोठं सैन्य, आणि तरी विजय अमेरिकेचा झाला. हे आपोआप झालं, यावर त्याचा विश्वास बसेना. शिवाय मेल्यावर सगळंच संपतं हा विचार त्याला सोसेना. १८१६ साली तो बाप्टिस्ट पंथाकडे परतला आणि मित्रांनी थट्टा केली म्हणून बायबल ओळीओळीनं, बायबलची शब्दसूची घेऊन वाचू लागला.

दोन वर्षांनी त्याला हिशेब लागला. दानिएलच्या ग्रंथात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. एक दिवस म्हणजे एक वर्ष धरायचं. इराणी सम्राटानं जेरुसलेमबद्दल हुकूम काढला तो इ.स.पूर्व ४५७ साली, मोजणी तिथून सुरू. २३०० मधून ४५७ वजा करा, उरले १८४३. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की इ.स.पूर्व १ नंतर एकदम इ.स. १ येतं, मध्ये शून्य साल नाही. म्हणजे उत्तर १८४४. आपल्यातल्या प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना एकाने होणारी ही चूक चांगलीच ओळखीची असेल.

हा हिशेब त्यानं तेरा वर्षं जवळपास स्वतःपाशीच ठेवला. १८३१ च्या ऑगस्टमध्ये त्यानं देवाशी करार केला, की कुणी बोलवायला आलं तरच बोलेन. मनात खात्री होती, की मला अडाण्याला कोण बोलावतंय! अर्ध्या तासात भाचा दारात हजर, शेजारच्या ड्रेस्डेन गावी बोलायचं आमंत्रण घेऊन. मिलर रागावून मेपलच्या झाडीत निघून गेला, आणि परतला तो जायचं ठरवूनच. त्याच्याच आठवणींत हा प्रसंग आहे, आणि मला तो माणूस तिथेच आवडला. पुढे बॉस्टनचे पाद्री जोशुआ हाइम्स त्याला भेटले. ते प्रसिद्धीच्या कामात तरबेज होते. त्यांनी वृत्तपत्रं काढली, मोठे तक्ते छापले, हजारोंना पुरेल असा तंबू घेतला. १८४३ च्या मार्चमध्ये आकाशात मोठा धूमकेतू दिसला, त्याची भर पडली ती वेगळीच. अनुयायी किती होते याचे अंदाज पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आहेत.

मिलरनं दिलेली मुदत २१ मार्च १८४४ ला संपली. काहीच झालं नाही. मग ऑगस्टमध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एक्सेटरच्या मेळाव्यात सॅम्युएल स्नो यांनी ज्यू पंचांगातला प्रायश्चित्ताचा दिवस धरून नेमकी तारीख मांडली, २२ ऑक्टोबर. मिलर स्वतः तारखेच्या बाबतीत बिचकत होता. ऑक्टोबर उजाडल्यावरच त्यानं ती मानली. लोकांनी कर्जं फेडली, भांडणं मिटवली, दुकानं बंद केली. काहींनी पीक शेतातच राहू दिलं, कारण काढणी करणं म्हणजे अविश्वास दाखवणं. पांढरे झगे घालून लोक छपरांवर चढले, अशा गोष्टी तेव्हापासून सांगितल्या जातात. शंभर वर्षांनी त्याच परंपरेतल्या फ्रान्सिस निकोल यांनी त्या तपासून बहुतेक कंड्याच असल्याचं दाखवलं. माणसं घरांतून आणि सभागृहांतून प्रार्थना करत बसली होती, एवढंच.

मध्यरात्र झाली. हिराम एडसन या शेतकऱ्यानं नंतर लिहून ठेवलं आहे, की आम्ही उजाडेपर्यंत रडलो. इतिहासात त्या दिवसाला 'द ग्रेट डिसअपॉइंटमेंट', म्हणजे महानिराशा, असंच नाव पडलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पोरं विचारू लागली, अजून गेला नाहीत का वर?

इथे थोडं घरचं सांगतो. मी या देशात आलो तेव्हा वडिलांना, म्हणजे आमच्या अण्णांना, तारीख सांगून आलो होतो: पाच वर्षं. मग ती मुलाच्या जन्मामुळे पुढे गेली, मग ग्रीन कार्डामुळे, मग घराच्या हप्त्यांमुळे. निळ्या एरोग्रामवर मी चार वेळा नवी तारीख कळवली. चौथ्या वेळेनंतर अण्णांनी तारीख विचारणं सोडलं, पण त्याच वर्षी मिरजेच्या घरावर माझ्यासाठी एक खोली चढवली. 'आता हा येत नाही' असं ते कुणाजवळ बोलल्याचं मला कधी कळलं नाही. ती खोली मी पाहिली ती त्यांच्या तेराव्याला. एडसनची हकीकत वाचताना मला उगीच त्या खोलीची आठवण झाली. असो.

निराशेनंतरची हकीकत एकसारखी नाही. बरेच जण आपापल्या जुन्या चर्चमध्ये परतले, काही शेकर पंथात गेले, काही धर्मापासूनच दूर झाले. एडसन मात्र २३ तारखेच्या सकाळी मक्याच्या शेतातून चालला असताना त्याच्या मनात आलं, की तारीख बरोबर होती, घटना चुकली. ख्रिस्त त्या दिवशी पृथ्वीवर यायचा नव्हताच, तर स्वर्गातल्या मंदिराच्या गाभाऱ्यात त्यानं प्रवेश केला. हा बचाव आहे की साक्षात्कार, ते ज्यानं त्यानं ठरवावं. मला तो बचाव वाटतो, पण रात्रभर रडलेल्या माणसाचा बचाव, म्हणून त्याची थट्टा करवत नाही. या विचारातून आणि एलन व्हाइट यांच्या नेतृत्वातून १८६३ साली मिशिगनमधल्या बॅटल क्रीक इथे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्च रीतसर स्थापन झालं. आज त्याचे सभासद दोन कोटींहून अधिक आहेत.

गंमत म्हणजे उद्याच जग संपेल म्हणणाऱ्या या लोकांनी पुढे दवाखाने, शाळा, छापखाने असा दीर्घ मुदतीचा व्याप मांडला. मांस सोडा, दारू-तंबाखू सोडा, असा प्रचार केला. बॅटल क्रीकच्या आरोग्यधामातले डॉ. जॉन हार्वी केलॉग याच पंथातले (१९०७ साली त्यांना काढून टाकलं, ती कथा निराळी). तिथल्या स्वयंपाकघरातल्या प्रयोगांतून निघालेले कॉर्नफ्लेक्स आपली मुलं सकाळी खातात. आणि पुणेकरांनो, औंध रस्त्यावरचं आपलं स्पायसर कॉलेज याच पंथाचं. हिंदुस्थानात काम केलेल्या विल्यम स्पायसर यांचं नाव त्याला आहे आणि १९४२ पासून ते पुण्यात आहे. १८४४ चं बोट पाचगणीपर्यंतही पोचतं. तिथलं न्यू एरा हायस्कूल बहाई मंडळींनी १९४५ साली काढलं. बहाईंच्या मते मिलरचं साल बरोबरच होतं, तो फक्त बघत चुकीच्या दिशेला होता. त्याच वर्षी मे महिन्यात इराणात शिराझला बाब यांनी आपलं कार्य जाहीर केलं होतं.

मराठीत मात्र या वाट पाहण्याला दुसरंच वळण मिळालं. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, पण आपण तुकोबांच्या वाटेनं ख्रिस्तापर्यंत आलो असं ते मानत. म्हणून त्यांचा ख्रिस्त ढगांतून येणारा न्यायाधीश कमी आणि शेजारी बसलेला सद्गुरू जास्त. वारकऱ्याच्या नातवंडाला तो सहज ओळखू येतो. त्यांचं 'ख्रिस्तायन' १९१९ साली त्यांच्या मृत्यूनं अपुरं राहिलं आणि लक्ष्मीबाईंनी ते पूर्ण केलं.

मिलरनं स्वतः काय केलं? हिशेब चुकला, हे त्यानं उघड कबूल केलं. एडसनचा अर्थ त्यानं स्वीकारला नाही आणि नवी तारीखही दिली नाही. पण तो येणार, हे म्हणणं सोडलं नाही. त्याच्या बाप्टिस्ट मंडळीनं त्याला दूर केलं, तेव्हा १८४८ साली त्यानं आपल्या घराशेजारी हे चॅपेल बांधलं. तोवर त्याची दृष्टी गेली होती. पुढल्या वर्षी, २० डिसेंबर १८४९ ला, तो वारला.

पुढच्या ऑक्टोबरात जाणाऱ्यांसाठी सांगतो: रूट ४ नं व्हाइटहॉलकडून फेअर हेवनकडे जाताना राज्याची हद्द यायच्या थोडं अलीकडे वळायचं. चॅपेलच्या मागून खडकाकडे वाट जाते. वर दहा-बारा माणसं सहज बसतील एवढी जागा आहे. वारा फार असतो, मुलांना स्वेटर बरोबर घ्यावेत.