वर्षभराची अडवणूक

ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जनतेने मत देऊन पाठवलेला एकही सदस्य नसतो. तरीही कॉमन्सने मंजूर केलेलं विधेयक हे सभागृह साधारण वर्षभर रोखून धरू शकतं. या मुदतीचं मूळ एका अर्थसंकल्पावरच्या भांडणात आहे.

करांच्या बाबतीत शेवटचा शब्द आपला, हा कॉमन्सचा दावा सतराव्या शतकापासूनचा. 1671 आणि 1678 च्या ठरावांनी त्यांनी बजावलं होतं की, कराच्या विधेयकात लॉर्ड्सनी फेरफार करायचा नाही. पण ते आख्खं फेटाळलं तर? 1860 मध्ये लॉर्ड्सनी नेमकं तेच केलं. कागदावरचा कर रद्द करणारं विधेयक त्यांनी परतवलं. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी पुढच्याच वर्षी सगळे करप्रस्ताव एका विधेयकात बांधले. आता नाकारायचं तर सगळंच नाकारावं लागणार होतं, आणि तेवढं कोणी धजावणार नाही असा हिशेब होता. तो जवळपास पन्नास वर्षं टिकला.

1909 मध्ये अर्थमंत्री लॉइड जॉर्ज यांना वृद्धांच्या पेन्शनसाठी आणि नव्या युद्धनौकांसाठी पैसा हवा होता. त्यांनी बड्या उत्पन्नांवर जादा कर सुचवला, जमिनीच्या वाढलेल्या किमतीवरही. लॉर्ड्समध्ये तर बड्या जमीनदारांचाच भरणा. 30 नोव्हेंबरला त्यांनी 350 विरुद्ध 75 मतांनी अर्थसंकल्प उडवून लावला. स्वतःच्या मालमत्तेला झळ लागताच त्यांनी देशाचा खजिना अडवला. त्यांचा नकाराधिकार खरं तर त्याच दिवशी गेला.

1910 मध्ये दोन सार्वत्रिक निवडणुका झाल्या. अर्थसंकल्प मार्गी लागला, पण पंतप्रधान आस्क्विथ यांना आता लॉर्ड्सचे हात कायद्यानेच बांधायचे होते. गरज पडली तर शेकडो नवे उमराव नेमू, असं आश्वासन त्यांनी राजा पंचम जॉर्ज यांच्याकडून मिळवलं होतं. 10 ऑगस्ट 1911 ला विधेयक निर्णायक मतदानाला आलं. आदल्याच दिवशी ग्रिनिचला पारा 36 अंशांच्या वर गेला होता. हुजूर पक्षात उभी फूट पडलेली: काही जण शेवटपर्यंत लढायला निघालेले, तर काहींना नव्या उमरावांच्या लोंढ्यापेक्षा माघार बरी वाटत होती. मोजणी झाली, 131 विरुद्ध 114. हुजूर पक्षाच्या काही उमरावांनी आणि बिशपांनी बाजूने मत दिलं म्हणून विधेयक तरलं.

या कायद्याने लॉर्ड्सच्या हाती धनविधेयकासाठी एक महिना ठेवला, इतर बहुतेक विधेयकांसाठी दोन वर्षं. मजूर सरकारने 1949 मध्ये दोनाचं एक वर्ष केलं, तेही लॉर्ड्सच्या संमतीवाचून. मजूर पक्षाला 1945 मध्ये मोठं बहुमत मिळालं, तेव्हापासून आणखी एक संकेत रुळला: सरकारने जाहीरनाम्यात दिलेल्या वचनाचं विधेयक लॉर्ड्सनी दुसऱ्या वाचनात पाडायचं नाही.

एक अधिकार मात्र 1911 मध्ये अबाधित ठेवला गेला. संसदेची मुदत पाच वर्षांपुढे वाढवणारं विधेयक लॉर्ड्सच्या संमतीशिवाय मंजूर होत नाही. बहुमतातल्या सरकारला निवडणूकच टाळावीशी वाटली, तर वाटेत कोणीतरी उभं राहायलाच हवं. त्या कायद्यातली सर्वांत शहाणपणाची तरतूद हीच.

थोपवा, पण कायमचं अडवू नका, हीच रीत आपल्या राज्यघटनेतही दिसते. राज्यसभेला धनविधेयकासाठी 14 दिवस मिळतात. महाराष्ट्राच्या विधान परिषदेलाही तेवढेच. साधं विधेयक ती आधी तीन महिने आणि विधानसभेने ते पुन्हा मंजूर केल्यावर आणखी एक महिना थांबवू शकते. त्यानंतर परिषदेचा विरोध असला, तरी ते मंजूर झालं असंच मानलं जातं.