सही जुळत नाही

आमच्या चिरंजीवांचे खाते बंद झाले. बँकेतले नव्हे, तिथले त्याचे दोनशे सत्तर रुपये माझ्या डोळ्यांदेखत सुखरूप आहेत. बंद झाले ते व्हिडिओ गेमचे. कारण एका ओळीत : लबाडी आढळली. शिक्षा : कायमची.

“बाबा, मी काही केलं नाही हो! तुम्ही अर्ज लिहा ना.”

आयुष्यभर लोकांचे अर्ज ‘उद्या या’ म्हणून ठेवून घेणारा मी अर्जदार झालो. ‘सविनय विनंती की’पासून ‘कळावे’पर्यंत काही सोडले नाही. उत्तर दीड मिनिटात हजर : निर्णय कायम. दीड मिनिटात आमच्या बँकेत टाचणीसुद्धा सापडत नाही!

मग जुनी प्रकरणे चाळली. वाल्व्ह नावाच्या अमेरिकन कंपनीने लबाड पकडायला २००२ साली एक यंत्र-पहारेकरी नेमला. त्याने घातलेली बंदी कायमची. विनवण्या चालत नाहीत, असा नियमच. जुलै २०१० मध्ये ‘मॉडर्न वॉरफेअर २’ खेळणाऱ्या सुमारे १२,००० लोकांना या पहारेकऱ्याने दोन आठवड्यांत लबाड ठरवले. बिचाऱ्यांचा गुन्हा काय? तर सही जुळली नाही!

थट्टा नव्हे. फाइलची एक प्रत डिस्कवर असते, दुसरी संगणकाच्या स्मृतीत. पहारेकरी दोन्हींच्या सह्या ताडून पाहतो. पण डिस्कवरची प्रत कंपनीची यंत्रणाच नवी करीत होती! म्हणजे नमुना सहीचे कार्ड बँकेनेच बदलायचे आणि फोर्जरीबद्दल खातेदाराला धरायचे, तशातली गत. शेवटी कंपनीचे प्रमुख गेब न्यूवेल यांनी स्वतः पत्र लिहून चूक कबूल केली. बंदी उठली. शिवाय प्रत्येकाला मित्राला द्यायला एक गेम फुकट, आणि तो स्वतःकडे नसेल तर आणखी एक. आमच्याकडे फार तर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ची पाटी मिळाली असती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा तेच. एएमडी कंपनीने खेळ चपळ चालावा म्हणून एक सोय काढली. ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळताना ज्यांनी ती चालू ठेवली, त्यांच्यावर बंदी. त्याही बंद्या पुढे मागे घेतल्या गेल्या.

या इतिहासाचे तात्पर्य मला एवढेच कळले : बारा हजारांची सही जुळली नाही तर ती तांत्रिक चूक, एकट्याची जुळली नाही तर तो लबाड. आमचे चिरंजीव एकटेच.

सही जुळत नाही म्हणून मीही चेक परत करतो. पण काउंटरपलीकडचे पेन्शनर आजोबा थरथरता हात पुढे करून म्हणतात, “अहो, मीच तो!” मी मान वर करून पाहतो. तेच असतात. साहेबांसमोर पुन्हा सही होते, पैसे मिळतात. खरे अपील म्हणजे एवढेच : कोणीतरी मान वर करून पाहणे.

रात्री मी चिरंजीवांकडे तसे पाहिले. “खरंच नाही ना केलंस?”

“नाही, बाबा.” नजर खाली गेली नाही.

दुसरा अर्ज लिहिला. शेवटी ‘माझा मुलगा खोटे बोलत नाही’ असे घालून खाली माझे पूर्ण नाव, नाते आणि ‘सही’ असे टंकले. यंत्राला त्याचा काय उपयोग, कोण जाणे. खाते अजून बंदच आहे. चिरंजीवांनी मात्र ती ओळ दोनदा वाचली, आणि न सांगता अभ्यासाला बसले.