खेळाची विद्या

"आजोबा, मी कॉलेजात व्हिडिओ गेम तयार करायला शिकणार," असे आमच्या नातीने वसुबारसेला जाहीर केले आणि करंज्या भरणारे हात थांबले.

"खेळ हा काय शिकायचा विषय?" चिरंजीव गरजले. निवाडा माझ्यावर आला. मी पडलो इतिहासाचा जुना मास्तर; मी इतिहासच धुंडाळला.

या खेळांचे बालपण मुळी विद्यापीठांतच गेले. १९५२ साली केंब्रिजमध्ये ए. एस. डग्लस या विद्यार्थ्याने पीएच.डी.च्या प्रबंधासाठी एडसॅक नावाच्या अवाढव्य संगणकाला फुली-गोळा शिकवला. खेळणाऱ्याने टेलिफोनची तबकडी फिरवून आपले घर सांगायचे. यंत्र पडद्यावर ठिपक्यांनी डाव मांडी. प्रबंधाचा विषय होता माणूस आणि संगणक यांचा संबंध. खेळ आला तो उदाहरण म्हणून, मागच्या दाराने!

पुढे १९६२ साली अमेरिकेतील एमआयटीमध्ये स्टीव्ह रसेल व त्याच्या सोबत्यांनी 'स्पेसवॉर' रचला. दोन अवकाशयाने एकमेकांवर मारा करीत. पीटर सॅमसनने त्यांच्यामागे खरे तारांगण मांडले. डॅन एडवर्ड्सने मधल्या ताऱ्याला गुरुत्वाकर्षण दिले. म्हणजे खेळता खेळता न्यूटनही आला आणि नक्षत्रेही आली! पण ही सारी हौसेची विद्या. तिचा वर्ग नव्हता.

तो निघायला १९९४ साल उजाडले. कॅनडातील व्हँकूव्हर येथे डिजिपेन या संस्थेने दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. १९९८ पासून ती अमेरिकेत रेडमंड येथे पदवीचे वर्ग चालवू लागली. त्यात गणित आणि पदार्थविज्ञान चांगलेच कसून घेत. मौज अशी, की पदवीच्या नावात 'गेम' हा शब्दच नव्हता. नाव होते 'रिअल-टाइम इंटरॲक्टिव्ह सिम्युलेशन'! विद्येच्या घरातही खेळाने आपले नाव चोरूनच वावरावे ना?

हे सांगता सांगता माझा मीच थबकलो. तीस वर्षांपूर्वी नाट्यशिक्षणाचा हट्ट धरलेल्या याच मुलाला मी म्हणालो होतो, "नाटक हा काय शिकायचा विषय?" ते वाक्य त्याला मीच शिकवले होते. मी ते सर्वांसमक्ष कबूल केले.

चिरंजीव बराच वेळ बोलले नाहीत. मग पुरणाची वाटी पुढे ओढीत लेकीला म्हणाले, "गणित पक्कं करावं लागेल हं. उद्यापासून बस माझ्यापाशी."