अंगठ्याच्या अस्थिबंधाचे श्राव्यातीत चित्रण

अंगठ्याचे पहिले पेर व तळहाताचे हाड यांमधील सांध्याला तर्जनीच्या बाजूने स्थैर्य देणाऱ्या अस्थिबंधाची इजा श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने पाहण्याची पद्धत. हा अस्थिबंध तुटल्यास चिमटीतील जोर नाहीसा होतो. ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागांच्या शहरात तुटलेला धागा चिमटीत धरून त्यास गाठ देणे हे विणकराचे नित्याचे काम असल्याने अशा इजेच्या वेळीच होणाऱ्या निदानाशी त्याची उपजीविका निगडित असते.

स्कॉटलंडमधील शिकारराखणदारांत हा सांधा ढिला झालेला आढळतो, असे सी. एस. कॅम्बेल यांनी १९५५ मध्ये नोंदविले. जखमी ससे मारताना अंगठ्यावर वारंवार पडणारा ताण हे त्याचे कारण होते. पूर्ण तुटलेल्या अस्थिबंधाचे टोक अनेकदा अभिवर्तनी स्नायूच्या कंडरापटलाबाहेर येऊन अडकते, हे बर्टिल स्टेनर या स्वीडिश शल्यचिकित्सकांनी १९६२ मध्ये दाखवून दिले. मध्ये पटल आल्याने अशी टोके आपोआप सांधत नाहीत व शस्त्रक्रिया करावी लागते. अंशतः तुटलेला अस्थिबंध मात्र काही आठवडे आधारपट्टीत स्थिर ठेवल्यास बहुधा भरून येतो. साध्या क्ष-किरण चित्रात अस्थिबंध दिसत नसल्याने हा भेद चाचपून व सांधा ताणून ठरवावा लागे.

श्राव्यातीत तरंग निर्माण करण्यास उपयोगी पडलेला दाबविद्युत् परिणाम क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये शोधला. ग्लासगो येथील इअन डॉनल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये उदरातील गाठी व गर्भ यांची चित्रे प्रसिद्ध केली. पुढे सेकंदास एक कोटीहून अधिक कंपने देणारी उपकरणे आल्यावर त्वचेलगतचे बारीक तंतूही दिसू लागले. अस्थिबंध जागेवर नसून सांध्याच्या मनगटाकडील बाजूस गोळा झालेला दिसल्यास तो विस्थापित झाल्याचे समजते. अंगठ्याचे टोक हलवून पटलाची हालचालही प्रत्यक्ष पाहता येते.

महाराष्ट्रात या यंत्राच्या वापराला सामाजिक संदर्भही आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी राज्याने १९८८ मध्ये देशातील पहिला कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा १९९६ पासून अंमलात आला. २००३ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने यंत्रांची विक्री नोंदणीकृत केंद्रांपुरती मर्यादित झाली, तर २०१२ च्या नियमांनी सुवाह्य यंत्रांवर निर्बंध आले. मुलींच्या रक्षणासाठी आवश्यक ठरलेल्या या बंधनांमुळे यंत्र सहसा मागापर्यंत नेता येत नाही. म्हणून जखमी विणकरास तपासणी केंद्राकडे विनाविलंब पाठविणे महत्त्वाचे ठरते.