मांजरीबाईचा बटवा

गेल्या रविवारी भाचीचा फोन आला. वय वर्षं बारा, पुस्तकांचा किडा. "मामा, आपल्या मनीचा पाय सुजलाय. विलोच्या झाडाची साल कुठे मिळेल?" आता पुण्यात विलो कुठून आणायचा हा एक प्रश्न, आणि ते मनीला द्यायचं हे हिच्या डोक्यात आलं कुठून हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर लगेच मिळालं. बाईसाहेब 'वॉरियर्स' वाचतायत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 'इनटू द वाइल्ड' हे या मालिकेतलं पहिलं पुस्तक २००३ साली आलं. लेखिका एरिन हंटर. म्हणजे तशी कुणी बाई नाहीच, केट केरी, चेरिथ बाल्ड्री, व्हिक्टोरिया होम्स वगैरे मंडळींनी मिळून घेतलेलं ते टोपणनाव. इंग्लंडमधल्यासारख्या एका जंगलात रानमांजरांचे चार कबिले राहतात, हद्दीवरून मारामाऱ्या करतात. प्रत्येक कबिल्यात एक वैद्यमांजर. तिने लग्न करायचं नाही, पिल्लं होऊ द्यायची नाहीत, एक शिष्य तयार करायचा आणि गुहेत पाला-मुळ्या साठवायच्या. थंडरक्लॅनची यलोफँग ही त्यातली माझी लाडकी. म्हातारी, तिरसट, आणि हाताला (पंजाला?) प्रचंड गुण.

मनीला मी व्हेटकडे पाठवलं. पण औषधांची ती यादी काही डोक्यातून जाईना. आमच्या धंद्यात एखादा विचित्र कोड दिसला की पहिला प्रश्न असतो, हा कुठून कॉपी-पेस्ट केलाय? तसंच इथे. जखमेवर कोळ्याचं जाळं, मोडलेल्या हाडाला कॉम्फ्रीचं मूळ, खोकल्याला कॅटमिंट, वेदनेला विलोची साल, झोपेला खसखस. मांजरांनी हे शोधून काढलं असणं शक्यच नाही. मग मूळ मालक कोण?

मूळ मालक म्हणजे इंग्लंडच्या खेड्यांतल्या आज्या. कोळ्याचं जाळंच घ्या. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये कॉबवेब नावाची परी भेटल्यावर तो विणकर तिला म्हणतो की बोट कापलं तर तुझ्याकडेच येईन. प्रेक्षक हसत असणार, कारण जळमटाने रक्त थांबवणं हे घरोघरचं होतं. कॉम्फ्रीचं तर गावठी नावच 'हाड विणणारी' अशा अर्थाचं. आपल्या हाडजोडीची सख्खी बहीणच म्हणायची, निदान नावापुरती.

ह्या आज्यांना कायद्याने थोडं संरक्षणही होतं. आठव्या हेन्रीच्या काळात, १५४२-४३ साली, पार्लमेंटने एक कायदा केला. लंडनचे शल्यवैद्य स्वतःचा गल्ला भरण्यात गुंग आहेत आणि गरिबांना पाल्याचा लेप लावून देणाऱ्यांवर खटले भरतायत, म्हणून वनस्पतींची माहिती असलेल्या सामान्य माणसांना गळू, जखम, सूज यांवर इलाज करायला मुभा द्यावी, असा त्याचा आशय. डॉक्टर लोकांनी ह्या कायद्याला चिडून 'भोंदूंची सनद' म्हटलं. दोन्ही बाजूंत थोडं तथ्य असावं :)

पण लेप लावणं वेगळं आणि पोटात औषध देणं वेगळं. ते राज्य होतं १५१८ साली स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ फिजिशियन्सचं. आणि त्या राज्याची भाषा लॅटिन. कॉलेजने १६१८ मध्ये औषधांचा अधिकृत ग्रंथ काढला, तोही लॅटिनमध्येच. औषध बनवणारा दुकानदार तो वाचून औषध बनवणार, रोग्याने पैसे मोजून मुकाट गिळायचं. आत काय आहे हे विचारायची सोय नाही, आणि विचारून कळायचीही नाही.

इथे आपल्या गोष्टीचा हीरो येतो. निकोलस कल्पेपर, जन्म १६१६. केंब्रिजला गेला, शिक्षण अर्धवट सोडलं. मग औषधविक्याकडे उमेदवारी केली, तीही पूर्ण केली नाही. (आजच्या भाषेत, ड्रॉपआउट. आणि त्यानंतरची कहाणीही तशीच.) लंडनच्या वेशीबाहेर स्पिटलफील्ड्समध्ये दुकान थाटलं आणि गरिबांना नाममात्र पैशांत तपासू लागला. राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध पेटलं तेव्हा हा पार्लमेंटच्या बाजूने लढला आणि १६४३ मध्ये छातीत गोळी खाऊन परतला.

१६४१ मध्ये राजाचं स्टार चेंबर न्यायालय बरखास्त झालं आणि छापखान्यांवरचा जुना पहारा ढिला पडला. त्याचा फायदा घेऊन १६४९ मध्ये कल्पेपरने कॉलेजचा तो लॅटिन ग्रंथ सरळ इंग्रजीत छापला! वर कॉलेजच्या विद्वानांना शालजोडीतले हाणले. त्याच वर्षी जानेवारीत राजाचं डोकं उडवलं गेलं होतं, त्यामुळे हवाच तशी होती. एका राजनिष्ठ वार्तापत्राने लिहिलं की ह्या इसमाने दोन वर्षं दारूच्या नशेत हे भाषांतर केलंय. सोर्स कोड फुटल्यावर कंपनीची पत्रकं येतात ना, तसलाच हा प्रकार. ज्ञान देवभाषेत कुलूपबंद ठेवण्याचं दुखणं आपल्याला काही नवीन नाही, त्यामुळे मराठी माणसाला कल्पेपर लगेच आपला वाटतो.

१६५२ मध्ये त्याने पुढचं पुस्तक काढलं, 'द इंग्लिश फिजिशियन'. परदेशातून आणलेली महागडी औषधं बाजूला, फक्त इंग्लंडच्या कुंपणाशी उगवणाऱ्या वनस्पती. ते आजतागायत छापलं जातंय. यलोफँगच्या बटव्यातल्या बऱ्याच गोष्टी त्यात भेटतात. कॅटमिंट सर्दी-खोकला-दम्यावर, अगदी कादंबरीतल्यासारखी. कॉम्फ्रीबद्दल तर तो म्हणतो की मांसाचे तुटलेले तुकडे तिच्याबरोबर शिजवले तर भांड्यातच पुन्हा जुळतात! शिवाय प्रत्येक झाडाचा एक ग्रहस्वामी, कॉम्फ्री शनीची, कॅटमिंट शुक्राची. म्हणजे माहिती मुक्त केली हे खरंच, पण टेस्टिंगचं नाव नाही. कॉम्फ्रीत यकृताला मारक अल्कलॉइड्स असतात, आणि म्हणून २००१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पोटात घ्यायच्या गोळ्यांतून ती काढून टाकायला सांगितलं. कल्पेपरला हे कळायला मार्ग नव्हता. तो १६५४ मध्ये, वयाच्या ३७व्या वर्षी क्षयाने गेला.

टेस्टिंग आलं ते पुढच्या शतकात. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्रीने रॉयल सोसायटीला पत्र लिहून कळवलं की विलोची साल वाळवून, कुटून सुमारे पन्नास हिवतापकऱ्यांना दिली आणि गुण आला. १७७५ मध्ये डॉक्टर विल्यम विदरिंगकडे एक घरगुती काढा तपासायला आला. अंगावर पाणी भरून सूज येते त्यावरचा. श्रॉपशरमधल्या एका म्हातारीने तो गुपित म्हणून जपला होता, आणि मोठ्या डॉक्टरांनी हात टेकल्यावरही तिचे रोगी कधीकधी बरे होत. त्यात वीसेक पाले होते. त्यातला कामाचा एकच, फॉक्सग्लोव्ह, हे विदरिंगने ओळखलं. दहा वर्षं रोग्यांवर वापरून, मात्रा ठरवून, फसलेल्या केसेसही न लपवता त्याने १७८५ मध्ये पुस्तक लिहिलं. हृदयाला दिलं जाणारं डिजॉक्सिन त्याच कुळातलं, आजही वापरात आहे.

त्या म्हातारीचं नाव? विदरिंगने लिहिलेलंच नाही. पुढे 'मदर हटन' असं नाव सगळीकडे फिरू लागलं, चित्रासकट. ते १९२८ मध्ये एका औषध कंपनीच्या जाहिरातीने दिलेलं! दीडशे वर्षांनी बाईला नाव मिळालं, आणि तेही बनावट. विदरिंगचं काम मी जराही कमी लेखत नाही. मात्रा चुकली की फॉक्सग्लोव्ह माणूस मारतं, आणि मात्रा पक्की केली ती त्यानेच. पण वीस पाल्यांची ती पहिली यादी कुणीतरी पिढ्यानपिढ्या तोंडी सांभाळली होती. 'वॉरियर्स'मध्ये यलोफँग अपघातात पाय अधू झालेल्या सिंडरपेल्टला एकेक पान हुंगायला लावून शिकवते, तो भाग मला म्हणूनच आवडतो. लिहून ठेवलेलं काही नाही. शिष्य मेला तर विद्या गेली.

आता मांजराकडे येऊ, कारण ह्या सगळ्यात सगळ्यात मोठी गंमत त्याचीच आहे. विलोच्या सालीतल्या सॅलिसिनच्या नातेवाइकापासून, सॅलिसिलिक आम्लापासून, १८९७ मध्ये बायर कंपनीत अ‍ॅस्पिरिन बनलं. आपल्या शरीरातून छोट्या डोसाचा निम्मा भाग काही तासांत निघून जातो. मांजराला त्याच कामाला दीडेक दिवस लागतो. पुढचा डोस दिला की साठत जातं आणि विषबाधा होते. पॅरासिटामॉल तर त्याहून वाईट, माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. कारण अशी रसायनं निकामी करून बाहेर टाकणारं यकृतातलं एक एन्झाइम मांजरात बनतच नाही. त्याचा जीन मोडलेला आहे, वाघ-सिंहांसकट अख्ख्या मार्जारकुळात. २०११ मध्ये हे छापणाऱ्या संशोधकांचं म्हणणं असं की ही मंडळी लाखो वर्षं निव्वळ मांसावर जगली, वनस्पतींतली विषं पचवायची वेळच आली नाही, म्हणून न वापरलेला कोड सडला आणि कुणाला पत्ता लागला नाही. थोडक्यात, पाला देऊन बरं करायला सगळ्यात अवघड अशा प्राण्यांत मांजर बरंच वर असेल, आणि लेखिकांनी नेमकी त्यालाच वैद्यकी दिली! (कथा म्हणून माझी काही तक्रार नाही. पण ज्यांच्या घरी मांजर आणि 'वॉरियर्स' दोन्ही आहेत त्यांनी औषधांचा डबा वर ठेवावा.)

खरं मांजर एक वनस्पती मात्र आवडीने वापरतं. तीच, कॅटमिंट. पानं चावायची, त्यावर तोंड घासायचं, लोळायचं. ही नुसती नशा असं सगळे समजत. २०२१ मध्ये जपानच्या इवाते विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की कॅटमिंट आणि तिच्यासारख्याच तिथल्या 'माताताबी' नावाच्या वेलीतली द्रव्यं अशी अंगाला लागली की डास मांजरावर कमी बसतात. २०२२ मध्ये त्यांनीच पुढे दाखवलं की पान चावून चुरगळल्यावर ही द्रव्यं जास्त सुटतात. म्हणजे ओडोमॉस!

आपल्याकडे कॅटमिंट सहसा दिसत नाही, पण खोकली दिसते. भिंतीच्या कडेला, कुंडीत, कुठेही उगवणारं तण, आणि नावावरून कळतंच की कशासाठी वापरायचे. तिचं मूळ उपटून ठेवलं तर मांजरं तशीच खुळावतात. खोकल्याचं झाड आणि मांजराचं झाड एकच, तिकडेही आणि इकडेही. भाचीला हे फोनवर सांगितलं तर तिने लगेच विचारलं, "मग आपली खोकलीपण डास घालवते का?"

परवा सोसायटीच्या मागे दोन रोपं दिसली आहेत. मनीची सूज उतरली की बघू.