उकिरडा, कुंडी आणि घंटागाडी : खानदेशातील दोन शहरांचा एक दुर्लक्षित इतिहास

नगरांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे पेठा, वेशी, गिरण्या आणि पुतळे यांची नोंद होते. शहराने टाकून दिलेल्या वस्तूंचे पुढे काय झाले, हे क्वचितच कोणी विचारतो. जळगाव आणि धुळे यांच्या संदर्भात हा प्रश्न विचारून पाहावा, असे आम्हांस वाटते.

१८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्ज याने मुंबई-आग्रा मार्गावरील धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले आणि तेथे नवी पेठ वसवली. जळगाव वाढले ते रेल्वेमुळे आणि कापसामुळे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) येथील कापूसबाजार भरभराटीस आला. धुळ्याची नगरपालिका १८६२ ची, जळगावची १८६४ ची. १९०१ च्या शिरगणतीत धुळ्याची वस्ती पंचवीस हजारांच्या आत आणि जळगावची सोळा हजारांहून किंचित अधिक होती. २०११ मध्ये हेच आकडे अनुक्रमे पावणेचार लाख आणि साडेचार लाखांच्या घरात गेले.

जुन्या, लहान वस्तीचा कचरा उकिरड्यात मावत असे. आज हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. शेतकऱ्याच्या हिशेबी मात्र उकिरडा ही ठेव होती. शेण, राख, पालापाचोळा, खरकटे तेथे कुजे आणि पावसाळ्याआधी गाडीतून शेतात जाई. जुने कपडे बोहारीण नेई, लोखंड आणि काच भंगारवाला नेई. ‘वर्गीकरण’ हा शब्द कोणास ठाऊक नसतानाही ते घडत होते.

पालिकेच्या कुंडीमागे निराळी दृष्टी होती. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेला प्लेग पुढे खानदेशातही पोहोचला, आणि घाण वस्तीपासून दूर नेणे हेच पालिकांचे मुख्य कर्तव्य ठरले. कुंडीने कचरा घरापासून वेगळा केला, परंतु कचऱ्यातला कचरा एकमेकांत मिसळून टाकला. तो निवडण्याचे आणि वाहण्याचे काम जातीने ज्यांच्या माथी मारले होते, त्यांच्याच माथी ते राहिले.

हे अपरिहार्य होते काय? पॅरिसचा प्रशासक युजेन पूबेल याने १८८३-८४ मध्येच घरोघरी झाकणाचे डबे सक्तीचे केले, आणि नासणारा कचरा, कागद-चिंध्या व काच-शिंपले वेगळे ठेवण्यास फर्मावले. दुसरे उदाहरण तर धुळ्यावरून जाणाऱ्या आग्रा रस्त्यावरचेच. इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी सेंद्रिय टाकाऊ पदार्थांपासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ सिद्ध केली. त्यांचे पुस्तक १९३१ चे. ही पद्धत पुढे शहरी कचऱ्यासाठीही वापरण्यात आली. त्याच इंदूरने अलीकडे रस्त्यांवरील मोठ्या कुंड्या हटवून घरोघरी वेगळा कचरा गोळा केला आणि २०१७ पासून अनेक वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मान मिळवला. उकिरड्याचेच शहाणपण तेथे मोठ्या प्रमाणावर परत आले, असे म्हणता येईल.

आपल्याकडे अलमित्रा पटेल यांच्या १९९६ मधील याचिकेनंतर २००० साली घनकचऱ्याचे नियम झाले. २००३ मध्ये जळगाव व धुळे या महानगरपालिका झाल्या. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देण्याचे बंधन नागरिकांवर घातले. कुंडीची जागा घंटागाडी घेऊ लागली. पण घरात दोन डब्यांत ठेवलेले गाडीत एकत्र पडले, तर ती गाडी म्हणजे चाके लावलेली कुंडीच होय.

जळगावपुरते पाहिले तर दोन्ही वाटा हाताशी आहेत. हा केळीचा जिल्हा. ओल्या कचऱ्याचे खत येथील शेतांस हवेच आहे. येथील चटई उद्योग पुनर्वापराच्या प्लास्टिकवर चालतो. त्या प्लास्टिकचा एक स्रोत म्हणजे भंगाराची दुकाने. तेथवर ते नेणाऱ्यांत सडलेल्या ढिगात हात घालून वेचणाऱ्या स्त्रियाही आहेत. पुण्यात अशा वेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि २००८ पासून त्यांच्याच सहकारी संस्थेकडे घरोघरचा कचरा गोळा करण्याचे काम आले. शहराला वेगळा केलेला कचरा मिळाला, वेचकांना ओळखपत्र आणि मोबदला.

म्हणूनच दोन डब्यांचा प्रश्न केवळ सौंदर्याचा किंवा स्वच्छतेच्या क्रमवारीचा आहे, असे आम्हांस वाटत नाही. आपण घरात जे निवडत नाही, ते दुसऱ्या कोणाला तरी उघड्या हातांनी निवडावे लागते.